दिवसा दिवा लागणारं घर

मुंबईत गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंड या झोपडीवासीयांच्या पुनर्वसन वसाहतीत तळमजल्यावरच्या घरात भर दुपारीही ट्यूबलाइट लावावी लागते. सात मजली इमारती दाटीवाटीनं उभ्या, मधे जेमतेम तीन मीटर अंतर. खिडकी उघडली की समोरच्याची भिंत, खाली साचलेला कचरा; मग खिडकी बंदच राहते.

क्षयाचा जंतू हवेतून पसरतो. रुग्ण खोकला की अतिसूक्ष्म कण उडतात आणि कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. वारा त्यांना पांगवतो, ऊन जंतूला मारतं. इथे दोन्ही नाही.

'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी मुंबईच्या एम-पूर्व विभागातल्या, नटवर पारेखसह, तीन पुनर्वसन वसाहतींची पाहणी केली. २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष आले. शोधायचं होतं ते साधं : घरात कुणाला क्षय झालाय का, मजला कितवा, उजेड किती? जिथे इमारती मोकळ्या अंतरावर होत्या, तिथे रुग्ण कितीतरी कमी निघाले. दाट वसाहतींत खालच्या मजल्यांवर ते जास्त होते.

सरकारदरबारी क्षयरुग्णाची नोंद २०१२पासून सक्तीची आहे, खासगी डॉक्टरांनाही. पण त्या नोंदीत औषध दिसतं, खिडकी दिसत नाही. झोपडी गेली, पक्कं घर आलं, एवढ्यावर आपण खूश! बांधकामाचे नियम मंजूर करणाऱ्यांनी एकदा तरी इथल्या तळमजल्यावर दुपारी बारा वाजता दिवा न लावता बसून दाखवावं.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत.