शाळेच्या कार्यक्रमाची डीव्हीडी बनवताना बिटरेट किती ठेवावा?



स्नेहसंमेलनाची डीव्हीडी बनवायला बसलो की सॉफ्टवेअर विचारतं, 'बिटरेट किती?' अंदाजे आकडा टाकला, तर शेवटच्या वर्गाचा नाच डिस्कमध्ये मावत नाही किंवा मुलांचे चेहरे चौकोनी ठिपक्यांसारखे दिसतात. पालक तर आपल्याच लेकराचा चेहरा बघायला डीव्हीडी लावतात. म्हणून हे गणित समजून घेऊ.

बिटरेट म्हणजे काय?
एका सेकंदाच्या चित्रासाठी वापरलेली माहिती म्हणजे बिटरेट. तो मेगाबिटमध्ये मोजतात. बिटरेट जास्त असेल तर चित्र स्वच्छ येतं, पण जागाही जास्त लागते.

सोपे सूत्र
साध्या डीव्हीडीत 4.7 जीबी जागा असते. (संगणक 1024 च्या हिशोबाने मोजतो, म्हणून तो 4.38 दाखवतो. डिस्क खराब नसते!) 8 बिट म्हणजे 1 बाइट, म्हणून 4.7 × 1000 × 8 = 37,600 मेगाबिट. मेनू वगैरेसाठी थोडी जागा सोडून 36,000 धरू. मिनिटाचे 60 सेकंद, म्हणजे 36,000 ÷ 60 = 600.

बिटरेट = 600 ÷ कार्यक्रमाची मिनिटे

यातून आवाजासाठी 0.2 वजा करा (डॉल्बी, 192 किलोबिट). आवाज पीसीएममध्ये ठेवला तर तोच 1.5 मेगाबिट खातो.

- 60 मिनिटे : 8 (सूत्राने 9.8 येतो, तरी 8 च ठेवा)
- 90 मिनिटे : 6.5
- 120 मिनिटे : 4.8
- 150 मिनिटे : 3.8
- 180 मिनिटे : 3.1

डीव्हीडीच्या नियमाप्रमाणे चित्राचा बिटरेट 9.8 च्या वर जाऊ शकत नाही. घरी बर्न केलेली डिस्क जुन्या प्लेअरवर एवढ्या वेगात अडखळू शकते, म्हणून 8 वर थांबलेलं बरं.

सगळे चित्र सारखे नसते
डीव्हीडीचं एमपेग-2 तंत्र मागच्या चित्रापेक्षा काय बदललं, तेवढंच प्रामुख्याने साठवतं. मुख्याध्यापकांच्या भाषणात फक्त ओठ आणि हात हलतात, तिथे 3 मेगाबिटही पुरतात. पण बेलवाडीचं गोल रिंगण घ्या. धावणारा अश्व, हलणाऱ्या पताका, उडणारी धूळ! प्रत्येक क्षणी सगळं चित्र बदलतं. काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण असो वा भिगवणला उजनीच्या पाण्यावरून उडालेला रोहित पक्ष्यांचा थवा, इथे 6 ते 8 हवेतच. पाण्याच्या लाटासुद्धा बरीच माहिती खातात.

म्हणून 'व्हीबीआर, टू पास' हा पर्याय निवडा. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर व्हिडिओ नुसता तपासतं, दुसऱ्या फेरीत भाषणाची वाचलेली जागा नाचाला देतं. वेळ जवळपास दुप्पट लागतो, पण रात्री लावून ठेवलं की झालं. सरासरी सूत्राने आलेली, कमाल 8 ठेवा.

कार्यक्रम तीन तासांचा असेल तर?
एकाच डिस्कमध्ये कोंबू नका. दोन डिस्क करा, नाहीतर भाषणं थोडी कापा. मुलांचे नाच मात्र कापू नका!

आणि हो, मोबाईलवर मुळातच अंधुक घेतलेलं चित्रण बिटरेट वाढवून स्वच्छ होत नाही.

हे उदाहरण भागाकार आणि एकक रूपांतर शिकवताना वर्गात जरूर द्या. स्वतःच्या कार्यक्रमाचं गणित मुलं आनंदाने सोडवतात.