उदरातील प्रतिध्वनी

मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या, अतिशय उच्च कंप्रतेच्या ध्वनिलहरींना श्राव्यातीत लहरी म्हणतात. दोन भिन्न पदार्थांच्या सीमेवर त्यांचा काही भाग परावर्तित होतो. धातूच्या सांध्यांत दडलेल्या चिरा शोधण्यासाठी कारखान्यांतून या गुणधर्माचा उपयोग केला जात असे. तोच गुणधर्म रोगनिदानाच्या कामी आणणाऱ्यांत ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड (१९१०–१९८७) यांचे स्थान फार मोठे आहे.

दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात वैद्यकीय अधिकारी असताना डोनाल्ड यांचा रडार व सोनार या तंत्रांशी परिचय झाला. १९५४ मध्ये ते ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. जुलै १९५५ मध्ये, शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठी मोटारीत घालून ते जवळच्याच रेनफ्र्यू येथील बॉयलरच्या कारखान्यात गेले व तेथील उपकरणाने त्यांनी त्या तपासल्या. द्रवाने भरलेल्या गाठीतून लहरी सहज पार जात आणि पलीकडच्या भिंतीवरून स्पष्ट प्रतिध्वनी येई. भरीव गाठीत मात्र त्या क्रमाक्रमाने क्षीण होत. गाठ न कापता तिचे स्वरूप ओळखता येईल, अशी आशा यातून निर्माण झाली.

पुढे अभियंता टॉम ब्राउन आणि डॉ. जॉन मॅकविकार यांच्या साहाय्याने प्रत्यक्ष रुग्णांची तपासणी सुरू झाली. प्रारंभीच्या प्रतिमा अस्पष्ट असत व अनेकांना हा खटाटोप व्यर्थ वाटे. अशातच पोट अतिशय फुगलेली एक स्त्री त्यांच्याकडे आली. तिला जठराचा कर्करोग असून तो शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेला आहे, असे निदान झालेले होते. यंत्राने मात्र द्रवाने भरलेली एक प्रचंड गाठ दाखविली. ती अंडाशयाची असल्याचे शस्त्रक्रियेत आढळले; गाठ काढून टाकण्यात आली आणि स्त्रीचे प्राण वाचले.

जून १९५८ मध्ये या तिघांचा शोधनिबंध ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. क्ष-किरणांपासून गर्भाला धोका संभवतो याची जाणीव त्याच सुमारास होऊ लागली होती. त्यामुळे गर्भाच्या तपासणीत नव्या पद्धतीला विशेष महत्त्व आले. भरलेल्या मूत्राशयातून लहरी पाठविल्यास गर्भाशय लवकरच्या अवस्थेतही स्पष्ट दिसते, हेही डोनाल्ड यांनी पुढे दाखवून दिले.

यंत्राची प्रतिमा शस्त्रक्रियेत आढळलेल्या वस्तुस्थितीशी पुनःपुन्हा ताडून पाहिली गेली, म्हणूनच ती विश्वासास पात्र ठरली. त्या स्त्रीच्या बाबतीत तर हा विश्वास म्हणजेच जीवन होते.