विजया, गर्द आणि विसरलेला धडा

जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे जन्मलेले अनिल अवचट २७ जानेवारी २०२२ रोजी निवर्तले, तेव्हा व्यसनाकडे आजार म्हणून पाहायला महाराष्ट्राला शिकवणारा एक मोठा आधार गेला. आणि नेमक्या याच काळात 'विजया' या नावाने, म्हणजे भांगेच्या पानांच्या अर्कापासून केलेली, वेदना व निद्रानाशावरील औषधे घरपोच मिळू लागली, ही गोष्ट बोचणारी आहे.

१८९४ मध्ये ब्रिटिश सरकारच्या आयोगाने भांग-गांजाचे मर्यादित सेवन बहुधा निरुपद्रवी आणि अतिसेवन घातक ठरवले, त्यानंतरची नव्वद वर्षे या प्रश्नाच्या दृष्टीने निष्फळच गेली. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा व चरस यांवर कडक बंदी आणली, परंतु नुसती पाने व्याख्येबाहेर ठेवली. विजयेची वाट तेथूनच निघाली.

खरे शिक्षण त्यापुढच्या दशकात झाले. 'गर्द' म्हणजे अशुद्ध हेरॉइन मुंबई-पुण्यात पसरत असताना अवचटांनी त्यावर लिहिले, पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये येरवड्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी १९९७ मधील आपल्या मृत्यूपर्यंत ते जिवापाड सांभाळले. व्यसनी माणूस नीतिभ्रष्ट असतो, त्याला कोंडूनच ठेवावे, असे बजावणारे सुशिक्षित तेव्हा थोडे नव्हते; त्यांना उत्तर दिले ते बरे होऊन तेथेच समुपदेशक झालेल्या रुग्णांनी. मात्रा थांबताच होणाऱ्या हालांना, ज्यांना व्यसनी 'टर्की' म्हणत, घाबरूनच माणूस पुन्हा ओढला जातो, हे मर्म त्या दशकाने शिकवले.

भांग-गांजा म्हणजे गर्द नव्हे, आणि केमोथेरपीतील मळमळीवर त्यातील द्रव्यांचा उपयोग होतो, हेही खरे. परंतु टीएचसी हे त्यातील मुख्य मादक द्रव्य मेंदूतील ज्या सीबी-१ ग्राहींवर, म्हणजे पेशींवरील संदेश टिपणाऱ्या रेणूंवर, काम करते, ते रोजच्या सेवनाने घटतात आणि मंदावतात. मग तीच मात्रा अपुरी पडते, यालाच सह्यता म्हणतात. औषध सोडल्यावर चिडचिड होते, भूक मरते, झोप उडते. झोपेसाठीच ते घेणाऱ्याला मूळ आजार परतल्यासारखे वाटते, तो मात्रा वाढवतो आणि अवलंबित्व जडते. सुमारे महिनाभर सेवन थांबवल्यास ग्राही बहुतांशी पूर्ववत होतात, पण हे रुग्णाला सांगितले तरच उपयोग. वनस्पतिजन्य म्हणून निर्धोक, हा दावा तर अफूपासून बनलेल्या गर्दानेच खोटा पाडला होता.

नारायणगाव, मंचर वा घोडेगावात ज्या वैद्यांकडे विजया मागितली जाईल, त्यांनी चिठ्ठीवर मात्रेसोबत ती थांबवण्याची तारीखही लिहावी.