बघ नावाचा मॅक्रो

कार्तिक वद्य एकादशीला वसईजवळच्या निर्मळची जत्रा सुरू झाली की रस्त्याच्या कडेने सुकेळीच्या, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांच्या, पुड्या दिसू लागतात. केळीच्या वाळक्या पानात आवळून बांधलेली पुडी सोडल्याशिवाय आतला माल कळत नाही, आणि एकदा सोडली की ती घरच्यासारखी पुन्हा बांधता येत नाही. गेल्या जत्रेच्या आसपास मी लिस्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला बसलो होतो आणि माझं घोडं नेमकं तिथेच अडलं होतं. चालत्या प्रोग्रॅममध्ये डोकावायचं होतं, पण त्याची बांधणी न बिघडवता.

प्रोग्रॅम घरगुती होता. काकांच्या वाडीतली फुलं पहाटेच्या लोकलने दादरला जातात. वजन, दर, आडत, गाडीभाडं, मागची शिल्लक हे सगळं वहीत असतं. ते कॉम्प्युटरवर मांडून देतो, असं मी बोलून गेलो. आठवड्याचा हिशेब लागेना, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "वही असू दे रे जवळ."

लिस्प निवडणं ही हौस होती, गरज नव्हे. जॉन मॅकार्थी यांनी एमआयटीत १९५८ साली ही भाषा मांडायला घेतली. पवईची आयआयटी त्याच वर्षी सुरू झाली. १९६० मध्ये मॅकार्थींचा मूळ निबंध छापून आला, आणि त्याच वर्षी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा टिफ्रॅक हा संगणक कामाला लागला. मॅकार्थींनी भाषेचं मूल्यमापन करणारं 'इव्हॅल' हे फंक्शन कागदावर सिद्धांत म्हणून लिहिलं होतं. स्टीव्ह रसेल यांनी ते आयबीएम ७०४ वर सरळ उतरवलं आणि भाषा चालायला लागली. पुढे कॉमन लिस्प, स्कीम, रॅकेट आणि २००७ मध्ये रिच हिकी यांचं क्लोजर असा वंशविस्तार झाला. पुण्यात रुजलेल्या हेल्पशिफ्टसारख्या कंपनीने क्लोजर रोजच्या धंद्यात वापरून दाखवलं, त्यामुळे ही भाषा फक्त प्राध्यापकांची, हे म्हणणं आता टिकत नाही.

या भाषेत प्रोग्रॅम म्हणजे कंसातली यादी. (* दर वजन) हा गुणाकार आहे आणि तीन वस्तूंची यादीही आहे. नवख्याला कंसच दिसतात आणि तो वैतागतो. पण लिहिलेली गोष्ट आणि तिचं उत्तर या दोन्हींना हात लावता येतो, तो या कंसांमुळेच. टिमथी हार्ट यांनी १९६३ साली लिस्पमध्ये मॅक्रो आणले ते याच पायावर. फंक्शनच्या हाती उत्तर पडतं. मॅक्रोच्या हाती न सोडवलेलं गणित पडतं, तो त्याची नवी मांडणी करून परत देतो आणि मग ती मांडणी चालते.

मी आधी फंक्शनच लिहिलं होतं. दहा ठिकाणी लावलं, पडद्यावर ४२०, ०, ०, ३५ अशी रांग आली. यातलं कुठलं शून्य आडतीचं आणि कुठलं भाड्याचं? फंक्शनला ते सांगता येणं शक्यच नव्हतं, कारण त्याच्यापर्यंत आकडाच पोचतो. मग मॅक्रो लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं 'बघ'. एसबीसीएल या कॉमन लिस्पच्या अवताराला देवनागरी नावं चालतात, हे तेव्हा कळलं आणि उगाच बरं वाटलं. आता (बघ (* दर वजन)) म्हटलं की आधी (* दर वजन) ही अक्षरं छापली जातात, पुढे उत्तर.

पहिला 'बघ' मात्र घातकी निघाला. छापताना तो गणित एकदा सोडवायचा आणि उत्तर परत देताना पुन्हा एकदा. गुणाकाराला त्याने फरक पडत नाही. पावतीचा पुढचा क्रमांक काढणाऱ्या ओळीला पडतो. ४१ नंतर थेट ४३ नंबरची पावती फाटली आणि मी तास-दीड तास क्रमांकाच्या कोडमध्ये चूक शोधत राहिलो. पुडी सोडून बघितल्याचा हा परिणाम. उपाय साधा: एकदाच सोडवायचं, उत्तर एका नावाखाली ठेवायचं, तेच छापायचं, तेच परत द्यायचं. त्यातही एक बारकावा आहे. कॉमन लिस्पमधला 'फ्लोअर' भागाकाराचं उत्तर आणि बाकी अशा दोन गोष्टी देतो. माझा 'बघ' बाकी गिळून टाकत होता.

नावाचा घोटाळा याहून मजेदार आहे. एखाद्या कामाला किती वेळ लागतो ते मोजणारा दुसरा मॅक्रो लिहिला. घड्याळाची पहिली नोंद त्यात 'सुरुवात' या नावाने ठेवली. हिशेबात मागच्या शिल्लकेचं नावही 'सुरुवात'च होतं. मॅक्रोच्या पोटात गेलेल्या ओळींनी शिल्लक मागितली आणि त्यांच्या हाती घड्याळाचा आकडा पडला. काका क्षणभर लक्षाधीश झाले. यावर कॉमन लिस्पचा तोडगा म्हणजे 'जेनसिम': दुसऱ्या कुणाला उच्चारताच येणार नाही असं नाव जागेवर तयार करून घ्यायचं. स्कीमवाल्यांना ही जबाबदारी लिहिणाऱ्यावर टाकणं पटलं नाही. कोलबेकर, फ्रीडमन, फेलायझेन आणि डूबा यांनी १९८६ मध्ये 'स्वच्छ' मॅक्रोविस्ताराची पद्धत मांडली, तिच्यात भाषाच नावांचं सोवळं सांभाळते. मला स्वतःला जेनसिम आवडतो. चूक आपल्या हातून झाली तर ती डोक्यात राहते.

सगळ्यात जास्त छळलं ते वेगळ्याच गोष्टीने. 'बघ' दुरुस्त केला, तरी प्रोग्रॅम जुन्यासारखाच वागत होता. मॅक्रो उलगडतो तो कोड कंपाइल होताना. आधी कंपाइल झालेल्या फंक्शनमध्ये जुना उलगडा घट्ट बसलेला असतो, ती फंक्शनं पुन्हा कंपाइल करावी लागतात. इथे 'मॅक्रोएक्स्पांड-१' हा खरा मित्र. आपला मॅक्रो एका पायरीत काय लिहून देतो ते तो समोर ठेवतो. शिकणाऱ्याने मॅक्रो लिहिण्याआधी महिनाभर फक्त उलगडे वाचावेत, असं माझं मत झालं आहे. कॉमन लिस्पमधले ट्रेस, स्टेप, टाइम, असर्ट हे सारे मॅक्रोच आहेत, वाचायला साहित्य भरपूर.

या हत्यारांचा पल्ला मोठा आहे. मे १९९९ मध्ये नासाच्या डीप स्पेस १ यानावर 'रिमोट एजंट' हा लिस्पमधला प्रोग्रॅम यान चालवून बघत होता आणि मधेच अडकला. दोन कामांची वेळ एकमेकांत गुंतली होती, जमिनीवरच्या चाचण्यांत हे कधी दिसलं नव्हतं. चालू लिस्पशी दुरून बोलता येत होतं म्हणून कारण सापडलं. इतर भाषांनी हा धडा सावकाश उचलला. मजकूर आणि मूल्य एकत्र दाखवणारा रस्टमधला 'डीबीजी' मॅक्रो जानेवारी २०१९ चा, पायथनने तशीच सोय त्याच वर्षी ऑक्टोबरात आणली.

काकांचा हिशेब अखेर लागला. (बघ (- एकूण आडत भाडं)) ने दाखवलं की एकूण रकमेतून आडत मी आधीच वजा केली होती, म्हणजे दोनदा कापत होतो. 'बघ' आता एका खुणेवरच चालतो: खूण नसली की तो आतलं गणित जसंच्या तसं परत देतो, त्याचा मागमूस राहत नाही. वही मात्र अजून देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर आहे, आणि दर रविवारी काका तिच्यातली बेरीज माझ्या पडद्याशी ताडून बघतात.