घरचा संगणक सुधारणा कां नाकारतो ?

संगणक ही आतां केवळ श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतील वस्तु राहिलेली नाहीं. तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं ती आहे. तिच्यावर वडील हिशेब ठेवितात, थोरलीं भावंडें अर्ज भरितात आणि धाकटीं अभ्यास करितात. अशा यंत्रानें एके दिवशीं 'सुधारणा बसवितां आल्या नाहींत, केलेले बदल मागें घेत आहों' असा संदेश दाखवावा, आणि पुन्हां सुरू करावें तों पुन्हां तोच संदेश यावा, म्हणजे सर्वांचाच धीर सुटतो. अशा वेळीं काय करावें व कोणत्या क्रमानें करावें, हें सांगणें हा या लेखाचा हेतु आहे. क्रमावर मी मुद्दाम भर देतों; कारण योग्य उपायहि भलत्या वेळीं केल्यास अपाय होतो.

प्रथम, या सुधारणांची एवढी मातबरी कां ? विंडोजसारखी कार्यप्रणाली हा एक अफाट वाडा आहे. त्याच्या भिंतींत राहून गेलेल्या फटी जसजशा सांपडतात, तसतशा त्या बुजविण्यासाठीं मायक्रोसॉफ्ट कंपनी २००३ सालापासून प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं सुधारणा प्रसिद्ध करीत आली आहे. अशीच एक फट बुजविणारी सुधारणा १४ मार्च २०१७ रोजीं निघाली. ज्यांनीं ती बसविली नाहीं, त्यांच्यावर १२ मे २०१७ रोजीं 'वॉनाक्राय' नांवाच्या घातकी प्रोग्रामनें हल्ला केला. सुमारें १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील कागदपत्रें कुलूपबंद होऊन खंडणी मागण्यांत आली. इंग्लंडांतील सरकारी रुग्णालयांना हजारों रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. औषध दोन महिने आधीं तयार होतें; तें घेण्याचें तेवढें राहून गेलें होतें.

दहा कुमारींचा दृष्टांत वर्गांत शिकविणारा मी स्वतः मात्र 'नंतर आठवण करा' हें बटण कित्येक महिने दाबीत होतों. गेल्या नाताळच्या सुटींत एकदांची सुधारणा बसवूं गेलों, तों ती तीनदां फसली. त्या संगणकांत आमच्या मंडळीच्या जुन्या बाप्तिस्मा-नोंदवहीची मीं तीन वर्षें खपून केलेली नक्कल होती, आणि तिची दुसरी प्रत कोठेंहि नव्हती ! मूळ वहीचीं पानें हात लावतां तुटतात. तेव्हां जी भीति वाटली, तिनेंच मला पुढील क्रम शिकविला.

पहिला नियम हा कीं, दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीं आपल्या कागदपत्रांची प्रत पेन ड्राइव्हवर अथवा दुसऱ्या डिस्कवर काढून घ्यावी, आणि ती उघडते कीं नाहीं हें पाहावें. मग तो पेन ड्राइव्ह काढून बाजूस ठेवावा.

दुसरा नियम : संदेश वाचावा. सुधारणा चार टप्प्यांनीं बसते. संगणक ती शोधतो. इंटरनेटवरून उतरवून घेतो. ती खरी व अखंड आहे याची खात्री करून उलगडतो. आणि शेवटीं बंद होऊन पुन्हां सुरू होतांना जागच्या जागीं बसवितो. कोणत्या टप्प्यावर गाडी अडली हें कळलें कीं निम्मा शोध संपला. 'सेटिंग्ज'मधील 'विंडोज अपडेट' या भागांत 'अपडेट हिस्टरी' आहे. तेथें फसलेल्या सुधारणेपुढें एक सांकेतिक क्रमांक दिसतो. वैद्याला जशी नाडी, तसा आपणांस हा क्रमांक. ८००७२ या आंकड्यांनीं सुरू होणारे क्रमांक बहुधा इंटरनेटच्या जोडणींतील अडथळा सुचवितात. ८००७००७० म्हणजे डिस्कवर जागा नाहीं. ८००७३७१२ म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या कोठारांतील फाईली बिघडल्या आहेत. क्रमांक वहींत उतरवून ठेवावा.

यानंतर निरुपद्रवी उपाय आधीं करावे. संगणक एकदां रीतसर 'रीस्टार्ट' करावा. अर्धवट राहिलेलें काम पुष्कळदां एवढ्यानेंच पुरें होतें. लॅपटॉप असल्यास तो विजेला जोडलेला ठेवावा. सुधारणेची टक्केवारी एका आंकड्यावर बराच वेळ थांबली तरी बटण दाबून यंत्र बंद करूं नये. मोठ्या सुधारणेस तासाहून अधिक वेळ लागूं शकतो. मग घड्याळ पाहावें. संगणकाच्या आंत नाण्याएवढी एक बॅटरी असते. जुन्या यंत्रांत ती संपली म्हणजे तारीख कित्येक वर्षें मागें जाते, आणि सुधारणा पाठविणाऱ्या ठिकाणाचें ओळखपत्र या चुकीच्या तारखेमुळें संगणकास खोटें वाटूं लागतें. तारीख दुरुस्त करावी. ती वारंवार मागें जात असल्यास बॅटरी बदलून घ्यावी.

त्यापुढें जागा. 'सिस्टिम' मधील 'स्टोरेज' भागांत 'टेंपररी फाईल्स' निवडून निरुपयोगी फाईली काढतां येतात. परंतु त्याच यादींत 'डाउनलोड्स' असें एक नांव असतें, त्यावर खूण केल्यास आपण स्वतः उतरवून ठेविलेल्या फाईलीहि नाहींशा होतात, हें ध्यानांत असावें. माझ्या यंत्राचें दुखणें येथेंच निघालें. १२८ जी. बी.च्या डिस्कवर अवघी ३ जी. बी. जागा उरली होती. बाकीची स्नेहसंमेलनांच्या चित्रफितींनीं व्यापली होती. त्या दुसऱ्या डिस्कवर हलवितांच सुधारणा निमूटपणें बसली. दोष सर्वस्वीं माझाच होता.

एवढ्यानेंहि न भागल्यास 'ट्रबलशूट' मधील 'विंडोज अपडेट' ही तपासणी चालवावी. मग जाणत्याच्या मदतीनें 'विंडोज अपडेट' व 'बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर' या दोन सेवा थांबवाव्या, विंडोजच्या फोल्डरांतील 'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन' या फोल्डराचें नांव बदलावें आणि यंत्र पुन्हां सुरू करावें. उतरवितांना बिघडलेला माल त्यांत पडून असतो; नवें फोल्डर संगणक आपोआप करितो, आणि आपलीं कागदपत्रें जशींच्या तशीं राहतात. कोठारच बिघडलें असल्यास आधीं 'डिझम' व मग 'एस. एफ. सी.' या दोन आज्ञा द्याव्या. पहिली कोठार दुरुस्त करिते आणि दुसरी त्या कोठारांतून चांगल्या फाईली काढून बिघडलेल्यांच्या जागीं ठेविते. म्हणून क्रम उलटा करूं नये. विंडोज ११ मध्यें शेवटचा उपाय 'रिकव्हरी' या भागांत आहे. तेथून आपल्या फाईली ठेवून विंडोज पुन्हां बसवितां येतें. एका वेळीं एकच उपाय करावा, नाहींतर कशानें गुण आला हें कळत नाहीं.

कधीं कधीं मात्र यंत्रांत दोष नसून त्याचा काळच सरलेला असतो. विंडोज १० चा नित्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. विंडोज ११ ला किमान ४ जी. बी. स्मृति, ६४ जी. बी. जागा, मान्य यादींतील प्रोसेसर आणि 'टी. पी. एम. २.०' ही सुरक्षेची सोय लागते. ज्यांत हीं नाहींत, त्या यंत्राशीं रात्रभर झुंजण्यांत अर्थ नाहीं.

आतां एक धोक्याची सूचना. त्याच सुटींत उपाय शोधीत असतां पडद्यावर एकाएकीं लाल चौकट आली : 'तुमचा संगणक बाधित झाला आहे, या क्रमांकावर ताबडतोब फोन करा.' माझा हात फोनकडे गेला, तों पत्नीनें विचारलें, "अहो, आपण बोलाविलें नाहीं तो वैद्य आपल्या दारीं कसा आला ?" मीं हात आवरला. अशा क्रमांकावर बसलेले लोक मदतीच्या मिषानें संगणकाचा ताबा घेतात आणि बँकेंतील पैसे लुबाडतात. विंडोजचा खरा त्रुटि-संदेश कधींहि दूरध्वनि-क्रमांक देत नाहीं. ती चौकट बंद करावी. बंद होत नसेल तर संगणक बंद करावा. आणि घरांतील वडीलधाऱ्यांस हें आजच सांगून ठेवावें.

नोंदवहीच्या नकलेच्या आतां तीन प्रती आहेत. त्यांपैकीं एक मंडळीच्या कपाटांत ठेविली आहे. तुमच्या घरच्या संगणकांत असें काय आहे कीं ज्याची दुसरी प्रत कोठेंच नाहीं ? हा अंक मिटल्यावर प्रथम तेवढें पाहा. सुधारणा त्यानंतर.