एकच किरण, प्रत्येक अवयवाची तयारी वेगळी

कॅडेट मित्रांनो, फायरिंगच्या वेळी नेम धरताना आपण श्वास रोखतो. डाव्या स्तनाच्या कॅन्सरवर रेडिएशन घेतानाही अनेकदा तेच करायला सांगतात. खोल श्वास घेऊन रोखला की हृदय किरणांच्या वाटेपासून दूर सरकते.

हे किरण कॅन्सरच्या पेशींतील डीएनए तोडतात. निरोगी पेशी ही इजा बऱ्याच अंशी भरून काढतात. म्हणून रोज थोडा डोस, आठवड्यातून साधारण 5 दिवस, काही आठवडे देतात. तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये आधी दात तपासतात आणि डोके हलू नये म्हणून जाळीदार मुखवटा बसवतात. प्रोस्टेटच्या उपचारात बहुधा मूत्राशय भरलेले ठेवतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये बाहेरून दिलेल्या किरणांच्या जोडीला किरणांचा स्रोत थोडा वेळ शरीरात, गाठीजवळ ठेवतात.

बाहेरून किरण देणारे 'भाभाट्रॉन' हे कोबाल्ट यंत्र मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केले आहे. असे किरण घेतलेला रुग्ण किरणोत्सारी होत नाही. घरी आलेल्या आजोबांजवळ नातवंडांनी खुशाल बसावे.

मात्र मधले दिवस चुकवू नयेत. तोंड-घसा आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये उपचार लांबला तर गुण कमी येतो. त्रास होत असेल तर घरी थांबू नका, आधी डॉक्टरांना सांगा.