डॉक्टर वस्तीत शिकतो तेव्हा

अमेरिकेत गरिबांच्या उपचारांचा खर्च १९६५पासून ‘मेडिकेड’ ही सरकारी योजना उचलते. आज तिचे बहुतेक लाभार्थी ‘मॅनेज्ड केअर’मध्ये आहेत. राज्य सरकार विमा कंपनीला माणशी दरमहा ठरावीक रक्कम देते. त्यात उपचार बसवायचे कंपनीने. अशा व्यवस्थेत डॉक्टरला नुसते निदान येऊन भागत नाही. मधुमेही रुग्ण औषध का चुकवतो, त्याला दवाखान्यापर्यंत बस आहे का, हेही विचारावे लागते. मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात हे शिकवणार कोण?

हे वस्तीतच शिकता येते, ही दृष्टी जुनीच. अमेरिकी डॉक्टर जॅक गायगर विद्यार्थी असताना दक्षिण आफ्रिकेतल्या फोलेला इथल्या आरोग्य केंद्रात शिकले आणि पुढे मिसिसिपीतल्या माउंड बायू इथे त्यांनी तसेच केंद्र उभारले. तिथले डॉक्टर कुपोषितांना चक्क अन्न लिहून देत, बिल औषधखात्यावर! त्यावर वरून हरकत आली, तेव्हा कुपोषणावरचा इलाज अन्नच, हे गायगर यांचे उत्तर होते.

२०१०च्या आरोग्य कायद्याने निवासी डॉक्टरांचे प्रशिक्षण अशा केंद्रांत न्यायला पाच वर्षांसाठी २३ कोटी डॉलर दिले. कायमची तरतूद मात्र केली नाही. त्यामुळे मुदत संपत आली, की निधीसाठी पुन्हा काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, दारात उभे राहावे लागते.